पाय किती टक्के?

अमेरिकेत लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकाला मासेमारीच्या आणि शिकारीच्या परवान्यात सूट मिळते, काही राज्यांत तर परवाना फुकटच मिळतो, हे मी गावात सांगितलं तेव्हा माणसं हसली. "मासं धरायला परवाना? आन् त्यात सूट? आक्का, त्यास्नी दुसरा उद्योग न्हाई व्हय?" असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं हिशेबच मांडला, की आपल्याकडं कर्जमाफी तशी तिकडं गळमाफी, रेवडी सगळीकडं सारखीच. पुण्याहून सुट्टीला आलेला माझा भाचा शिकलेला. तो हसला नाही, पण म्हणाला, "मावशी, हे सगळं नुसतं दाखवण्यापुरतं असतं गं."

मला दोन्ही बोलण्यांचा राग आला. गावाचं हसणं आणि शहराचं खांदे उडवणं, दोन्ही एकाच जागेवरून येतात. ती जागा अशी, की सैनिक जखमी झाला, त्याला पेन्शन बसली, विषय संपला. आता त्यानं घरात बसावं, पंधरा ऑगस्टला टोपी घालून झेंड्याजवळ उभं राहावं, आणि बाकीच्या दिवशी कुणाच्या वाटेत येऊ नये. मासे धरणं वगैरे कशाला पाहिजे त्याला?

कशाला पाहिजे, तेच सांगायचं आहे.

आमचा सातारा जिल्हा हा फौजेचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण दर दोन-तीन घरांआड एक फौजी आहे. माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला बापू म्हणतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला. भरतीला बेळगावला गेला तेव्हा आईनं दिलेले दशम्यांचे गाठोडे मीच बांधले होते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज पश्चिमेच्या सीमेवर गेली. त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पराक्रम'. लढाई झालीच नाही. जवळपास दहा महिने फौज समोरासमोर उभी राहिली आणि परत आली. पण सीमेवर सुरुंग पेरले गेले होते, आणि ते पेरताना आणि काढताना आपलेच जवान उडाले. बापूचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. न झालेल्या लढाईत गेलेला पाय. गावाला कारगिल माहीत आहे, पराक्रम कुणाला माहीत नाही. त्यामुळं लोक अजून विचारतात, "कारगिलला गेला नव्हं ह्येचा पाय?" आणि बापू "हां" म्हणून पुढं जातो.

पुण्याला वानवडीत कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ सालापासूनचं. तिथं बापूला पाय बसवला. तिथल्या माणसांबद्दल तो अजून हात जोडून बोलतो. पण नवा पाय सपाट जमिनीसाठी असतो. वसाहतीच्या डांबरी रस्त्यावर, दवाखान्याच्या फरशीवर तो चालतो. आमच्या नदीच्या उतारावर, काळ्या चिकट गाळात तो रुततो. ओढून काढावा लागतो. आत पाणी गेलं की मांडीखालचा तुकडा सोलतो, आणि मग आठ-आठ दिवस पाय घालता येत नाही.

आणि बापूचा जीव तर नदीत अडकलेला. लहानपणी शाळा बुडवून तो गळ टाकायचा. मोरपिसाच्या दांड्याचा तरंगा, पिठाची गोळी नाहीतर गांडूळ, आणि करंजाच्या झाडाखाली बूड टेकून चार-चार तास गप्प. मिरग लागला की चढणीचे मासे धरायला अख्खी वाडी पाण्यात उतरायची, त्यात हा पुढं. मरळ कुठं बसते, वाम कुठल्या बिळात असते, हे त्याला ठाऊक. फौजेतून सुट्टीवर आला की पिशवी ओट्यावर टाकायची आणि गळ उचलायचा. आई म्हणायची, "ह्येला आई न्हाई आठवत, डोह आठवतो."

पाय गेल्यावर बापू तीन वर्षं नदीवर गेला नाही. घरात बसला. माणूस घरात बसतो म्हणजे काय होतं ते ज्यांच्या घरात झालं त्यांनाच कळतं. रात्री ओरडून उठणं, पोरांवर खेकसणं, दुपारपासूनच बाटली. वहिनीनं जे सोसलं ते लिहायला हा लेख पुरायचा नाही. मग एक दिवस तिनंच गळ काढून दिला आणि म्हणाली, "जावा, बसून या." त्या दिवशी तो कुबड्या घेऊन गेला. संध्याकाळी दोन चिलाप्या घेऊन आला आणि जेवून झोपला. नुसता झोपला. औषधानं जे झालं नव्हतं ते डोहानं केलं.

यात नवल काही नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. फौजेतले बॉक्सर होते. बॉक्सिंग संपलं, तेव्हा ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सोनं जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, आणि गावोगावच्या पोरांना त्यांचं नाव कळायला २०२४ चा सिनेमा यावा लागला. पण माझा मुद्दा पदकाचा नाही. त्या माणसाला पाण्यानं उभं केलं, हा मुद्दा आहे. त्यांना पोहायला पाणी मिळालं होतं. बापूला मिळालं का?

काही वर्षं मिळालं. मग वरच्या अंगाला धरण झालं, आमचा डोह बुडाला, आणि नदीच्या जागी मोठं पाणी आलं. धरणाच्या पाण्यातल्या मासेमारीचा ठेका जातो. ठेका गेला की मासा ठेकेदाराचा. बापू काठावर एक गळ टाकून बसला होता. ठेकेदाराचा राखणदार आला. पोरगेलासा होता, बापूच्या पोरापेक्षा लहान. म्हणाला, "परवाना हाय का?" बापू म्हणाला, "न्हाई." त्यानं गळ काढून घेतला, काठी गुडघ्यावर मोडली आणि मासे पाण्यात फेकून दिले. बापूला पळताही आलं नाही आणि भांडताही. तो घरी आला आणि त्या रात्री परत बाटली निघाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन कचेरीत गेले. कुठली ते लिहीत नाही, सगळ्या सारख्याच आहेत. पायऱ्या अकरा होत्या, कठडा नव्हता. साहेब म्हणाले, "मॅडम, ठेका दिलाय, आमच्या हातात काही नाही. तुम्ही सोसायटीचे सभासद व्हा." सोसायटीत गेलो. तिथं म्हणाले, "हा आमच्या भोई-कोळ्यांचा पिढीजात धंदा. तुमी मराठ्याची मानसं, आमच्या ताटात कशाला हात घालता?" आणि खरं सांगते, त्यांचंही चूक नव्हतं. त्यांची जाळी, त्यांची होडी, त्यावर त्यांची चूल. बापूला त्यांची चूल विझवायची नव्हती. त्याला फक्त काठावर बसायचं होतं, एक गळ टाकून.

परत येताना बापू एकच वाक्य बोलला. "आक्का, मला फुकट नको. धा रुपये घ्या, शंभर घ्या, पन पावती द्या. पावती दावली की त्या पोराला माझी काठी मोडता येनार न्हाई."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. कारण पुढं मला ते अमेरिकेत परत भेटलं.

लेकीच्या बाळंतपणाला मी सहा महिने मिशिगन राज्यात होते. जावई मोटारीच्या कारखान्यात आहेत, पण घर शहराबाहेर, मक्याच्या शेतांच्या कडेला. शेजारी एक आजोबा राहायचे, व्हिएतनामच्या लढाईत गेलेले. एक पाय नव्हता, आणि त्याखेरीज इतर दुखणी इतकी की सरकारनं त्यांना १०० टक्के अपंग ठरवलेलं. लेक मध्ये बसून दुभाषाचं काम करायची आणि आम्ही दोघं म्हातारे कुंपणावरून गप्पा मारायचो. त्यांच्याकडून मला त्या परवान्यांची सगळी कुंडली कळली.

तिकडं नदी-तळ्यात गळ टाकायचा तरी परवाना लागतो. मिशिगनमध्ये रहिवाशाला वर्षाला साधारण २६ डॉलर. हरणाच्या शिकारीचा परवाना वेगळा. १५ नोव्हेंबरला बंदुकीनं हरीण मारायचा मोसम सुरू होतो. आपल्याकडं बेंदूर-बैलपोळ्याला जसं गाव हलतं तसं तिकडचं खेडं त्या दिवशी हलतं. मारलेलं हरीण फ्रीजरमध्ये जातं आणि हिवाळाभर घरात शिजतं. म्हणजे हा साहेबांचा शौक आहे असं कुणी समजू नये. खेड्यातल्या माणसाचा तो घास आहे, आणि बापाकडून पोराकडं आलेली विद्या आहे.

परवान्याचा पैसा कुठं जातो, हे ऐकून मी चकित झाले. १९३७ साली तिथं पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवर जो केंद्राचा कर बसतो तो राज्यांना वन्यप्राण्यांच्या कामासाठी वाटायचा. १९५० मध्ये मासेमारीच्या सामानाबाबत डिंगेल-जॉन्सन कायदा आला. आणि अट अशी, की राज्यानं परवान्याची फी मासे आणि वन्यप्राणी खात्याच्या कामालाच लावायची, दुसरीकडं वळवायची नाही. म्हणजे गळ टाकणारा माणूस त्या तळ्याचा गिऱ्हाईक नसतो, वाटेकरी असतो. तळं नीट राहावं म्हणून त्यानं पैसे घातलेले असतात.

आता त्यातली गंमत पाहा. केंद्राचा हा पैसा वाटताना राज्याचं क्षेत्रफळ पाहतात आणि पैसे भरून परवाना घेतलेली माणसं किती ती मोजतात. ज्याला परवाना अगदी फुकट दिला, ज्यापासून राज्याला काहीच मिळालं नाही, तो माणूस मोजणीत धरत नाहीत. त्यामुळं पूर्ण माफीपेक्षा नाममात्र फी ठेवणं राज्याच्या फायद्याचं असतं. चार-दोन डॉलर घेतले की सैनिकाला ओझं होत नाही आणि मोजणीत त्याचं डोकं येतं. मी आजोबांना बापूचं वाक्य सांगितलं. लेकीनं ते इंग्रजीत केलं. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, तो बरोबर आहे. मोजलं जायला पाहिजे."

म्हणून जे सवलतीला रेवडी म्हणतात त्यांना माझं पहिलं उत्तर हे आहे. रेवडी घेणाऱ्याचं नाव वहीत राहत नाही. सवलतीचा परवाना घेणाऱ्याचं राहतं. रेवडी मिळाली की माणूस देणाऱ्याकडं बघतो. पावती मिळाली की तो पाण्याकडं बघतो.

पण अमेरिकेची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. त्यांच्याकडंही मोठा घोळ आहे, आणि तो टक्क्यांचा आहे.

तिथलं माजी सैनिकांचं खातं प्रत्येक जखमी सैनिकाला दहा-दहाच्या पायरीनं टक्के देतं. त्या टक्क्यांवर परवान्याची सूट ठरते, आणि प्रत्येक राज्याची रेघ वेगळी. टेक्सासमध्ये ५० टक्क्यांवर शिकार-मासेमारीचा एकत्र परवाना फुकट. विस्कॉन्सिनमध्ये सैनिकांच्या सवलतीच्या कार्डालाही टक्क्यांची अट आहे. मिशिगनमध्ये फुकट परवान्याला पुरे १०० टक्के. आजोबांचा एक तरुण दोस्त होता, इराकमध्ये गुडघ्याखाली पाय गेलेला, अगदी आमच्या बापूसारखा. त्यांच्या तक्त्यात गुडघ्याखालचा पाय, ज्याला कृत्रिम पाय बसू शकतो, तो ४० टक्के धरतात. चाळीस! म्हणजे मिशिगनमध्ये त्या पोराला परवान्याला पूर्ण पैसे. विस्कॉन्सिनला गेला तरी त्या कार्डाला तो कमीच पडला असता. टेक्सासला गेला तर मिळालं असतं, कारण तिथल्या नियमात वेगळं लिहिलंय, की पाय निकामी झाला असेल तर टक्के विचारू नका. एकच पाय. राज्याची हद्द ओलांडली की त्याची किंमत बदलते.

टक्क्यांचं हे भूत आपल्याकडंही आहेच. बापूला फौजेच्या मेडिकल बोर्डानं एक आकडा दिला आणि पुढं दिव्यांग दाखल्यासाठी गेला तेव्हा सरकारी दवाखान्यानं दुसरा. पाय तोच. आमच्या फौजेलाही या आकड्यांची लाज वाटली असावी, कारण अपंगत्वामुळं नोकरीतून बाहेर काढलेल्या जवानांसाठी १९९६ पासून एक नियम आला. २० टक्क्यांपासून ५० च्या आतला असेल त्याला ५० धरायचं, पुढच्याला ७५, त्याच्याही पुढच्याला १००. म्हणजे सरकारनंच कबूल केलं, की हाडामांसाचं वजन वाण्याच्या तराजूनं होत नाही. आणि ही तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली आहे. दुखणं फौजेच्या नोकरीमुळं झालं की नाही, हे जवानानंच सिद्ध करावं असा हट्ट चालायचा. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या निकालात कोर्टानं सांगितलं, की भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेला माणूस पुढं अधू झाला तर ते नोकरीमुळंच झालं असं धरून चाला, नाही म्हणायचं असेल तर सरकारनं दाखवावं. एवढं सांगायला देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टात जावं लागलं.

आता भाच्याच्या बोलण्याकडं वळते, की हे सगळं दाखवण्यापुरतं असतं. सवलत नुसती कागदावर असेल तर त्याचं म्हणणं खरं आहे. परवाना फुकट मिळाला आणि पाण्यापर्यंत जाता आलं नाही तर तो कागद कपाटात पिवळा होतो. पण आजोबांनी मला एक तळं दाखवलं. तिथं पाण्यावर लाकडी धक्का होता, सपाट, कुठं पायरी नाही. कठडा काही जागी मुद्दाम खाली घेतलेला, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला गळ बाहेर टाकता यावा. राज्याच्या उद्यानांत रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या खुर्च्या ठेवल्यात, वाळूत आणि चिखलात चालतात, वापरायला पैसे नाहीत. सप्टेंबरात हरणाचा खरा मोसम सुरू व्हायच्या आधी दोन दिवस पोरांसाठी आणि अपंग शिकाऱ्यांसाठी राखून ठेवतात, गर्दी नसते, धक्काबुक्की नसते. आणि वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी दवाखान्यात २००५ मध्ये 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' हे काम सुरू झालं, जखमी जवानांना गळ टाकायला शिकवायचं. बंदूक धरलेल्या, थरथरणाऱ्या बोटांना पुन्हा बारीक दोऱ्याची गाठ मारायला शिकवायचं. आमच्या वहिनीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिला ते चुलीपुढं सुचलं होतं.

म्हणजे परवान्याची सूट हा तिकडच्या गोष्टीचा एक तुकडा आहे. बाकीचे तुकडे म्हणजे वाट, धक्का, मोसमातली मोकळी वेळ, आणि शिकवणारा माणूस. आपण मात्र सवलत एवढंच शिकलो. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट आहे, चांगलं आहे. पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. कंडक्टर वरून म्हणतो, "चला लवकर." माजी सैनिकांच्या घरपट्टीला माफी आहे, फार चांगलं आहे. पण ज्या ग्रामपंचायतीत जाऊन ती माफी मागायची तिच्या दाराला तीन पायऱ्या. सूट द्यायला शाई लागते. वाट करायला सिमेंट लागतं. आपण शाईवर भागवतो.

आणि आपल्याकडं तर शाईसुद्धा सगळीकडं पोचलेली नाही. शिकारीचं मी मागत नाही, हे स्पष्ट लिहिते. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्याची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. बरोबर झालं. आपलं रान किती उरलंय ते आपल्याला दिसतं. रानडुकरं भुईमूग उकरतात तो प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर वेगळं. माझं मागणं पाण्यापुरतं आहे.

तेवढ्यातही एक शंका येते, आणि ती खरी आहे. मला गावातल्याच एका बाईनं विचारलं. तिच्या नवऱ्याचा हात मळणी यंत्रात गेला. ती म्हणाली, "आक्का, तुमचा भाऊ सीमेवर गेला, आमचा धनी खळ्यावर. हात गेला तो गेलाच की. त्याला का न्हाई सूट?" या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. सैनिकाचं देणं वेगळं आहे, हे मी सोडणार नाही. त्याला आपण सगळ्यांनी मिळून पाठवलं होतं, सुरुंग आपल्या नावानं पेरले होते. म्हणून परवान्यातली सूट आधी त्याला द्या. पण वाट? वाट कुणाचा दाखला मागत नाही. पाण्यापर्यंत एक सिमेंटची उतरंड केली, कडेला कठडा लावला, की त्यावरून बापू उतरेल, मळणीत हात गेलेला उतरेल, धुण्याची बादली घेतलेली गरोदर सून उतरेल, आणि संधिवात झालेली मीसुद्धा उतरेन. परवाना टक्के विचारतो. उतरंड विचारत नाही. म्हणून दोन्ही पाहिजेत, आणि उतरंड आधी पाहिजे.

भोई-कोळी बांधवांनाही सांगते. तुमच्या जाळ्याला कुणी हात लावत नाही. काठावरून एक गळ, एक माणूस, विकायला नाही, घरच्या कालवणापुरतं. तेवढ्यानं तुमचं टोपलं रिकामं होत नाही. उलट असा माणूस काठावर बसला तर रात्री चोरून सुरुंग आणि औषध टाकून मासे मारणारे येतात त्यांच्यावर एक नजर राहील. बापूला सुरुंगाचा आवाज तुमच्या आधी कळेल.

म्हणून माझं मागणं असं आहे. धरणातल्या मासेमारीचा ठेका नव्यानं निघेल तेव्हा त्यात एक कलम घाला, की तालुक्यातल्या जखमी माजी सैनिकाला काठावरून एका गळानं मासे धरायचा परवाना मिळेल, नाममात्र फीमध्ये, पावतीसह. फी दहा रुपये ठेवा, पण ठेवा. परवान्यासाठी नवा टक्के-दाखला मागू नका. फौजेच्या पेन्शनच्या कागदावर अपंगत्व लिहिलेलं आहे, तेवढं पुरे. आणि प्रत्येक धरणाच्या पाण्याला, बारा महिने जिथं पाणी टेकतं अशा एका जागी, पायरी नसलेली एक वाट करा. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि गाळ उघडा पडतो, त्यामुळं वाट पावसाळ्याच्या रेघेवर संपवू नका, खालपर्यंत न्या. इंजिनिअर लोकांना हे शिकवायला नको, पण सांगायला पाहिजे, कारण ते कधी कुबडी घेऊन उतरलेले नसतात.

याला पैसे किती लागतील? शहीद जवानाच्या नावानं आपण गावोगावी कमानी उभ्या करतो. त्या झाल्याच पाहिजेत, मी त्याविरुद्ध नाही. पण एका कमानीच्या खर्चात एक उतरंड होते. मेलेल्याच्या नावाला दगड देणारं गाव जिवंत राहिलेल्याच्या पायाला दगड देत नसेल, तर ते गाव कशाचा अभिमान बाळगतं ते त्यानं एकदा मला सांगावं.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. बापू येणार नाही म्हणतो. त्याला लोकांसमोर पाय दाखवायचा नाही, आणि त्यानं तो का दाखवावा? ठराव मी वाचेन. ज्यांना हसायचं असेल त्यांनी जरूर यावं, फक्त येताना पाणवठ्याच्या उतारानं यावं, डाव्या पायाचा गुडघा न वाकवता. वर पोचले की मग बोलू.